वासुदेव बळवंतांचे कागद : शिरढोण ते सरकारी दप्तर

पेण तालुक्यातील आमचे जोहे हे गाव हमरापूरप्रमाणेच गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखले जाते. येथून मुंबई-गोवा रस्त्याने पनवेलकडे निघाले की खारपाडा, तारा आणि कर्नाळ्याची खिंड मागे टाकल्यावर शिरढोण लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तेथे झाला. ‘आद्य क्रांतिकारक’ ही त्यांची ओळख शाळेतल्या पुस्तकापासून आपल्याला असते. त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवले होते, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. या लेखात मला त्यांच्या बंडापेक्षा त्यांच्या लेखनाविषयी लिहायचे आहे. ते लेखन टिकले कसे, आणि त्यात कोणाचा आवाज ऐकू येतो, असे दोन प्रश्न माझ्यासमोर आहेत.

वासुदेव बळवंत पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. नोंद ठेवणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. न्यायमूर्ती रानडे आणि गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांची व्याख्याने त्यांनी ऐकली होती. इंग्रजी राज्यात देशाचा व्यापार कसा बुडाला, संपत्ती कशी बाहेर जाते, हा त्या व्याख्यानांचा विषय असे. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ आला. सर रिचर्ड टेंपल हे हिंदुस्थान सरकारचे दुष्काळविषयक प्रतिनिधी म्हणून फिरत होते. दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दीड पौंडावरून एक पौंडावर आणण्याचे धोरण त्यांचेच. मुंबई इलाख्यात त्याविरुद्ध मजुरांनी कामे सोडली आणि सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज केले. त्याच वर्षी, १८७७ मध्ये, टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले.

हा तपशील येथे देण्याचे कारण आहे. १८७९ च्या मे महिन्यात वासुदेव बळवंतांच्या नावाने जो जाहीरनामा निघाला, त्यात गव्हर्नराच्या शिरावर इनाम लावले होते. तो गव्हर्नर म्हणजे हेच टेंपल. एरवी हे इनाम म्हणजे एका संतापलेल्या माणसाची धमकी वाटते. दुष्काळातले धान्याचे माप लक्षात घेतले की त्या संतापाचा हिशेब लागतो. जाहीरनाम्यातल्या मागण्याही पोटाशी निगडित आहेत : लोकांना काम द्यावे, कर कमी करावेत, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार उतरवावेत. सार्वजनिक सभेच्या अर्जांतून जे मागितले जात होते, त्याच्याशी या मागण्यांचे नाते जवळचे आहे. फरक पडला तो मागण्याच्या रीतीत.

आत्मवृत्त आणि रोजनिशी हे त्यांचे दुसरे कागद. आत्मवृत्त त्यांनी १८७९ मध्ये श्रीशैल मल्लिकार्जुन येथे मराठीत लिहिले. मनाची निराशा झालेली, सहकाऱ्यांवरचा भरवसा उडालेला, देह देवापुढे ठेवावा अशा विचारापर्यंत आलेला माणूस तेथे आपला जमाखर्च मांडतो. लहान लहान टोळ्या चहूकडे पाठवाव्यात, टपाल, तारा आणि रेल्वे तोडून सरकारचे दळणवळण थांबवावे, तुरुंग फोडावेत, म्हणजे उपाशी लोक येऊन मिळतील, असा त्यांचा बेत होता. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर घातलेला दरोडा ही त्या बेताची सुरुवात होती. लूट हे त्यांच्या दृष्टीने भांडवल होते. त्यातून माणसे ठेवायची आणि पुढचे काम करायचे.

हे सारे आपल्याला कळते, कारण कागद पोलिसांच्या हाती पडले. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडील देवर नावडगी येथे मेजर डॅनियल आणि निजामाच्या पोलीस दलातील अब्दुल हक यांनी त्यांना पकडले. रोजनिशी आणि आत्मवृत्त पुराव्यात गेले. इंग्रज न्यायाधीशाला वाचता यावे म्हणून त्यांचे इंग्रजी भाषांतर झाले. पुण्यात खटला चालला, तेव्हा सार्वजनिक काका त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. लुटारू म्हणून शिक्षा देणे सरकारला सोपे होते. पण राज्याविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप सिद्ध करायचा तर हेतू दाखवावा लागतो, आणि तो हेतू आरोपीने स्वहस्ते लिहून ठेवला होता. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. एडनच्या तुरुंगातून ऑक्टोबर १८८० मध्ये दार बिजागरीतून उखडून ते निसटले, पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

ज्या कागदांनी त्यांना एडनला पाठवले, त्याच कागदांमुळे ते केवळ दरोडेखोर ठरले नाहीत. मुंबई सरकारने १९५७ साली स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचा पहिला खंड छापला, त्यात हे भाषांतर आले. म्हणजे मराठी माणसाचे मराठी लेखन अभ्यासकाला तेथे भेटते ते फिर्यादी पक्षासाठी केलेल्या इंग्रजीतून. हे वाचताना मी दर वेळी थांबतो तो शब्दांपाशी. इंग्रजीत जेथे ‘दरोडा’ या अर्थाचा शब्द आहे, तेथे मुळात काय असेल? बंड, स्वारी, की आणखी काही? कायद्याच्या भाषेत प्रत्येक शब्दाला कलम चिकटलेले असते.

पेण तालुक्यातल्याच गागोदे गावी १८९५ मध्ये विनोबा जन्मले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती बरोबर शिक्षा भोगणाऱ्या साने गुरुजींनी उतरवून घेतली. तेथे लेखणी सोबत्याची होती, आणि भाषा तीच राहिली. वासुदेव बळवंतांना असा लेखनिक मिळाला नाही.

पण त्यांच्या सोबत्यांना तर तेवढेही मिळाले नाही. मे १८७९ मध्ये शिरढोणजवळच्याच पळस्पे आणि चिखली येथे मोठे दरोडे पडले. दीड लाख रुपयांच्या आसपास लूट गेली. त्याचे नेतृत्व दौलतराव नाईक या रामोशी पुढाऱ्याकडे होते. घाटाकडे परतताना डॅनियलच्या तुकडीने गाठून त्याला मारले. रामोशांना लुटीच्या वाटणीतच रस आहे, देशकार्याचे त्यांना काही नाही, ही तक्रार वासुदेव बळवंतांच्या लेखनात येते आणि आपण ती सहज खरी मानतो. दौलतरावाची बाजू लिहिलेली नाही. पाठीमागे उपाशी बिऱ्हाड असलेल्या माणसाने लुटीतला वाटा मागितला, तर तो लोभ म्हणायचा की मजुरी? उमाजी नाईकांचा १८३१ चा जाहीरनामा पाहिला, तर रामोशांना राज्याची कल्पनाच नव्हती असे म्हणण्याचे धाडस होत नाही. त्यांनी तर इंग्रजांना सारा देऊ नये, असेच लोकांना सांगितले होते.

वासुदेव बळवंतांचे मोठेपण याने कमी होत नाही. स्वतःचे अपयश इतक्या उघडपणे लिहिणारा बंडखोर विरळाच. मात्र त्यांचे कागद वाचताना तीन माणसे डोळ्यांपुढे ठेवावीत, असे मला वाटते : लिहिणारा कारकून, भाषांतर करणारा सरकारी नोकर, आणि ज्याच्याविषयी लिहिले गेले तो दौलतराव. पहिल्याचा पुतळा झाला आहे, दुसऱ्याचे काम छापून आले आहे. तिसऱ्याचा शोध पळस्पे आणि चिखलीच्या जुन्या दप्तरांत, सावकारांच्या वह्यांत आणि घाटावरच्या रामोशी वस्त्यांतल्या आठवणींत घ्यावा लागेल.