भोसरी-चाकणला सुट्टी गुरुवारी का? विजेची मागणी, पुरवठा आणि घड्याळ

भोसरी, पिंपरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, साप्ताहिक सुट्टी कधी? बहुतेक वर्कशॉपमधून उत्तर येईल, गुरुवारी. रविवारी मशीन चालू, गुरुवारी शटर खाली. दत्ताचा वार म्हणून सुट्टी असते, असं सांगणारेही मला भेटले आहेत. पण खरं कारण आहे वीज.

विजेची एक अडचण आहे. धान्य कोठारात भरता येतं, पेट्रोल टाकीत साठवता येतं, पण अख्ख्या राज्याला पुरेल एवढी वीज साठवून ठेवायची सोय अजून आपल्याकडे नाही. ज्या क्षणी तयार होते, त्याच क्षणी ती कुठेतरी वापरली गेली पाहिजे. त्यामुळे महिनाभरात एकूण किती वीज लागली याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, एकाच वेळी किती लागली? सगळ्या राज्यातले कारखाने रविवारी बंद राहिले तर रविवारी वीज उरणार आणि सोमवारी सगळे एकदम सुरू झाले की कमी पडणार. म्हणून राज्यातल्या वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले. आपल्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. सगळ्याच कंपन्या आता तो पाळतात असं नाही, पण सवय पक्की आहे. महावितरणही देखभाल-दुरुस्तीची मोठी कामं शक्यतो गुरुवारीच काढते. त्यामुळे ‘गुरुवारी वीज बंद’ असा मेसेज येतो, आणि पंपिंगची वीज बंद असल्यामुळे पाठोपाठ ‘पाणीपुरवठा बंद’ हासुद्धा येतो.

एका फोनची वीज, एका भट्टीची वीज

मागणीचा अंदाज यायला आपल्या हातातल्या वस्तूपासून सुरुवात करू. ५,००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला, चार्जरमधलं नुकसान धरून, साधारण २५ वॅट-अवर वीज लागते. म्हणजे एका युनिटमध्ये फोन सुमारे ४० वेळा चार्ज होतो. आता भोसरीतल्या एखाद्या फाउंड्रीत या. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला ढोबळमानाने ६०० युनिट लागतात. तेवढ्या विजेत तुमचा फोन २४,००० वेळा चार्ज झाला असता. रोज एकदा म्हटलं तर ६५ वर्षं!

आणि हे फक्त एक टन. या पट्ट्याची वाढ १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाल्यापासूनची. पुढे टेल्को, बजाज आले, त्यांना सुटे भाग पुरवणारी हजारो लहान युनिटं आली, आणि नंतर चाकणला फोक्सवॅगन, महिंद्रा वगैरे. फोर्जिंग, कास्टिंग, प्लास्टिक मोल्डिंग, पेंट शॉप ही सगळी विजेची भुकेलेली कामं.

लहान युनिटवाल्याला बिलाइतकीच भीती असते ती ‘ट्रिपिंग’ची. वीज दोन सेकंद गेली तर घरात आपण फक्त राउटर सुरू व्हायची वाट बघतो. सीएनसी मशीनवर मात्र अर्धवट कापलेला जॉब रिजेक्ट होऊ शकतो. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये वीज बराच वेळ आली नाही तर वितळलेलं प्लास्टिक बॅरलमध्येच घट्ट होतं, आणि मग ते साफ करण्यात पाळी संपते.

५० हर्ट्झ म्हणजे काय?

मागणी आणि पुरवठा जुळतोय की नाही हे कळतं वारंवारतेवरून, म्हणजे फ्रिक्वेन्सीवरून. भारतात ती ५० हर्ट्झ असते आणि ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवायची असते. देशभरातली मोठी जनित्रं एकाच ठेक्यात फिरतात. मागणी अचानक वाढली की त्यांच्यावर ओझं येतं आणि ती किंचित मंदावतात. कात्रजच्या घाटात डबलसीट चढताना गाडीचा दम जातो ना, अगदी तसं. अ‍ॅक्सिलरेटर पिळला, म्हणजे पुरवठा वाढवला, तर वेग टिकतो. नाही पिळला तर दोनच पर्याय, ओझं उतरवा किंवा गाडी बंद पडू द्या. ओझं उतरवणं म्हणजेच भारनियमन.

गाडी बंद पडली की काय होतं ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला दिसलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रिड कोसळली आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या भागातली वीज गेली. पश्चिमेची ग्रिड तेव्हा वाचली, म्हणून आपल्याकडे दिवे चालू होते.

महाराष्ट्रात हे ओझं सांभाळायचं काम ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र करतं. त्यांच्या हातातलं सगळ्यात चपळ हत्यार म्हणजे कोयना. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र मोठं खरं, पण कोळशाचा बॉयलर तापायला वेळ घेतो. कोयनेचे १,९६० मेगावॅट काही मिनिटांत उभे राहतात. मग कोयनाच दिवसभर का चालवत नाहीत? कारण वीज बनवण्यासाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. ते पाणी जपून, मागणीच्या ऐन वेळी वापरायचं असतं.

कारखान्यांनी जेव्हा शहराला वीज ‘दिली’

२००५ नंतरची काही वर्षं राज्यात भारनियमन जोरात होतं. त्या काळात २००६ मध्ये पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला, जो पुढे ‘पुणे मॉडेल’ म्हणून ओळखला गेला. पुणे आणि पिंपरी-चिंचवडला सुमारे ९० मेगावॅट कमी पडत होते. इकडे मोठ्या कारखान्यांकडे स्वतःचे डिझेल आणि फर्नेस ऑइलवरचे जनरेटर पडून होते, एकूण क्षमता साधारण १०० मेगावॅट. उद्योगांच्या सीआयआय या संघटनेने पुढाकार घेतला आणि वीज नियामक आयोगाने मंजुरी दिली. टंचाईच्या वेळी कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, ग्रिडमधून तेवढी वीज कमी घ्यायची, आणि ती वाचलेली वीज घरांना जायची.

डिझेलची वीज महाग. मग फरक कुणी भरायचा? महिन्याला ३०० युनिटपेक्षा जास्त वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांच्या बिलात युनिटमागे ४२ पैशांचा विश्वासार्हता आकार लागला. मला हा प्रयोग हुशारीचा वाटतो, पण त्याची दुसरी बाजूही आहे. पैसे मोजू शकणाऱ्या शहरात दिवे राहिले आणि शेजारच्या तालुक्यांत भारनियमन चालूच राहिलं. लक्षद्वीपसारख्या बेटांवर मुख्य भूमीची ग्रिड पोचत नाही, तिथे जहाजाने डिझेल आणून जनरेटर चालवावे लागतात. पुण्याने ग्रिडला जोडलेलं असूनही काही काळ अर्धं बेटासारखं जगून पाहिलं, एवढंच.

वीज आहे, पण रस्ता बंद

वीज तयार असणं आणि ती तुमच्या प्लगपर्यंत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन झालं तेव्हापासून कामंही वेगळी आहेत. महानिर्मिती वीज बनवते, महापारेषण मोठ्या टॉवरवरून आणते, महावितरण आपल्या दारात देते.

९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे याचा धडा मिळाला. दाट धुकं आणि दव यामुळे लोणीकंड-चाकण आणि लोणीकंड-जेजुरी या ४०० केव्हीच्या वाहिन्या ट्रिप झाल्या, आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकणच्या मोठ्या भागात अंधार झाला. इन्सुलेटरवर धूळ बसलेली असते. कोरडी असेपर्यंत ती फारसा त्रास देत नाही, पण दवाने ओली झाली की विजेला वाट करून देते. निर्मितीत तूट नव्हती, अडलं होतं ते रस्त्यात. अशा वेळी आपण शिव्या महावितरणला घालतो, कारण बिल त्यांचं येतं.

सुट्टीची जागा आता मीटरने घेतली

मागणी पसरवायचं जे काम गुरुवारच्या सुट्टीने केलं, तेच आता वेळेनुसार दर करतात. कारखान्यांना हे नवीन नाही. अनेक वर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत होती आणि संध्याकाळी ६ ते १० जादा दर. त्यामुळे कित्येक युनिटांनी भट्ट्या तिसऱ्या पाळीला लावल्या. पण सोलर वाढला आणि गणित उलटलं. आता भरदुपारी वीज मुबलक असते, आणि सूर्य मावळला की चणचण. २०२५ मध्ये सवलत रात्रीतून उचलून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये ठेवली गेली. स्वस्त विजेसाठी तिसरी पाळी बसवलेल्या लहान मालकाला ही उलटापालट जड गेली असणार. मशीन दिवसा हलवता येतील, पण कामगारांचं वेळापत्रक आणि ऑर्डरच्या तारखा एवढ्या सहज हलत नाहीत.

घरांसाठीही महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटर असलेल्यांना याच वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू केली. जुना मीटर फक्त एकूण युनिट मोजायचा. नवा मीटर कुठल्या वेळी किती हेही नोंदवतो. वॉशिंग मशीन, गिझर, ई-स्कूटरचं चार्जिंग दुपारी लावता येत असेल तर फायदा. पण नवरा-बायको दोघंही हिंजवडी किंवा चाकणला कामावर असतील तर दुपारी मशीन लावणार कोण? टायमर असलेली उपकरणं ज्यांच्याकडे आहेत, त्यांना हा फायदा आधी मिळणार. फोन कधी चार्ज करता याने मात्र काहीच फरक पडत नाही, तो हिशोब वर पाहिलाच.

एसीचं तसं नाही. एक लाख घरांत संध्याकाळी एकाच वेळी दीड किलोवॅटचा एसी लागला तर मागणी १५० मेगावॅटने वाढते. २००६ ची ती तूट ९० मेगावॅटची होती.

हे सगळं फोनवर लाइव्ह बघता येतं. केंद्र सरकारच्या ‘मेरिट इंडिया’ वेबसाइटवर महाराष्ट्र निवडलं की राज्याची मागणी आणि वीज कुठून येतेय ते दिसतं. ग्रिड इंडिया आणि राज्य भार प्रेषण केंद्राच्या वेबसाइटवर वारंवारता दिसते. एखाद्या दिवशी जलविद्युतचा आकडा दुपारी दोनला बघून ठेवा आणि मग संध्याकाळी साडेसातला पुन्हा उघडा.