परक्या हातांसाठी बांधलेली पेटी

रात्री साडेबाराला मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराला टेम्पो लागतो. वऱ्हाड पांगलेलं असतं, मांडवातले दिवे उतरत असतात आणि साउंडवाल्याच्या पेट्या एकेक करून फळीवरून वर चढत असतात. काळं प्लाय, कडांना ॲल्युमिनियमची पट्टी, कोपऱ्यांवर पोलादी गोळे, खाली चाकं. या पेटीला आपल्याकडे सगळेच ‘फ्लाइट केस’ म्हणतात. सांगलीहून कराडला आणि कराडहून साताऱ्याला जाणाऱ्या या पेटीला विमानाचं दर्शन कधी घडायचं नाही, तरी नावात विमान आहे. हे नाव कुठून आलं ते शोधत मागे गेलं की एक मोठं कूळ उलगडतं. त्यात पॅरिसचा ट्रंकवाला आहे, अमेरिकेतले गावोगाव फिरणारे नट आहेत, टेलिफोन एक्स्चेंज आहे आणि विमानांचे सुटे भागही आहेत.

आपल्या भाषेत वाद्य जपायचं म्हटलं की पहिला शब्द येतो तो गवसणी. तंबोऱ्याची, सतारीची, तबल्याची. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला की मोठी उमेद धरणाऱ्याने आकाशाला गवसणी घातली असंच आपण म्हणतो. पण गवसणीमागे एक गृहीत आहे: वाद्य उचलणारा हात त्या वाद्याला ओळखतो. तंबोरा शिष्याच्या खांद्यावरून जातो आणि गाडीत त्याच्या शेजारी बसतो. धूळ आणि ओरखडे गवसणी अडवते, धक्का मात्र शिष्य अडवतो. तेच वाद्य अनोळखी हातात द्यायची वेळ आली की कापड पुरत नाही. फ्लाइट केसचं मूळ नेमकं इथे आहे. ज्याला आत काय आहे ते ठाऊक नाही, ज्याला घाई आहे आणि ज्याच्यासमोर अशा शंभर पेट्या आहेत, त्याच्या हातात माल सुखरूप राहावा म्हणून ती घडत गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या प्रवासी ट्रंका घुमटाकार झाकणाच्या असत. त्या घोडागाडीच्या टपावर बांधल्या जात आणि पावसाचं पाणी झाकणावरून निथळून जाई. पुढे आगगाड्या आणि आगबोटी आल्या, सामान टपावरून डब्यात आणि बोटीच्या तळघरात गेलं. तिथे एकावर एक रचायचं तर घुमट अडचणीचा. लुई व्हिताँ याने 1854 मध्ये पॅरिसमध्ये दुकान थाटलं आणि 1858 मध्ये सपाट झाकणाची, मेणकापड चढवलेली हलकी ट्रंक बाजारात आणली. आज ते नाव श्रीमंतीचं चिन्ह झालं आहे. या कुळात मात्र त्याचं स्थान साध्या कारणासाठी आहे: पेटीवर पेटी बसली पाहिजे, हा धडा तिथे पक्का झाला.

दुसरा धडा अमेरिकन रेल्वेने दिला. तिथल्या सामान चढवणाऱ्या माणसांना लोक ‘बॅगेज स्मॅशर’, म्हणजे सामानफोडे, म्हणत, इतकी त्यांच्या आदळआपटीची ख्याती होती. या सामानफोड्यांचा सर्वांत जास्त मार खाल्ला तो व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या फिरत्या खेळांच्या, नटांनी. एका गावात आठवडाभर खेळ करायचे आणि पुढचं गाव गाठायचं. पोशाख, जादूचं साहित्य, वाद्यं सगळं बरोबर. त्यांच्यासाठी ‘थिएटर ट्रंक’ ही वेगळीच जात तयार झाली: प्लायचं अंग, कडांना रिव्हेट ठोकलेलं आवरण, कोपऱ्यांवर धातूच्या टोप्या. आवरणासाठी व्हल्कनाइज्ड फायबर वापरत. इंग्लंडच्या थॉमस टेलरने 1859 मध्ये या पदार्थाचं पेटंट घेतलं होतं. सुती चिंध्यांपासून केलेल्या कागदाचे थर झिंक क्लोराइडच्या द्रावणातून काढले की ते एकजीव होतात आणि चामड्याहून चिवट, धातूहून हलका पत्रा तयार होतो. आपल्या संगीत नाटक मंडळ्याही त्याच काळात पडदे आणि पोशाखांचे पेटारे घेऊन रेल्वेने गावोगाव जात होत्या. कलावंत आणि त्याची पेटी यांचा संसार दोन्हीकडे सारखाच होता.

या पेटीच्या आतल्या चौकटीचं मूळ मात्र रंगभूमीत नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. साधारण 1922च्या सुमारास अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने एक्स्चेंजमधली यंत्रं कमी जागेत बसवण्यासाठी एक उभी चौकट ठरवली. तिच्यावर बसणाऱ्या पट्टीची रुंदी 19 इंच, म्हणजे 482.6 मिलिमीटर, आणि उंचीचं एक माप पावणेदोन इंच, म्हणजे 44.45 मिलिमीटर. आज साउंडवाला ‘दोन यूचा ॲम्प’ म्हणतो तेव्हा तो हेच माप बोलत असतो. ॲम्प्लिफायर, इक्वलायझर, वायरलेस माइकचा रिसीव्हर, कुठल्याही कंपनीचा असो, त्याच चौकटीत बसतो, कारण शंभर वर्षांपूर्वीचा तो आकडा कोणी मोडला नाही.

आता नावाकडे येऊ. विमान कंपन्यांना सुटे भाग देशभर आणि जगभर पाठवावे लागत. एखादा नाजूक मीटर खोक्यात फुटला की आख्खं विमान जमिनीवर अडकून राही. म्हणून अमेरिकेतल्या विमान कंपन्यांच्या संघटनेने, एअर ट्रान्सपोर्ट असोसिएशनने (एटीए), 1960 मध्ये बांधणीचे नियम काढले. त्यांचा क्रमांक 300. खोक्यांचे तीन वर्ग ठरले: तिसऱ्या वर्गाचं खोकं एका खेपेपुरतं, दुसऱ्याने किमान 10 फेऱ्या काढायच्या आणि पहिल्या वर्गाच्या पेटीने जाऊन-येऊन किमान 100 फेऱ्या सोसायच्या. हे नियम सुट्या भागांसाठी होते, संगीताशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पण ‘100 फेऱ्या’ हा आकडा नेमका त्या मंडळींना हवा होता, जी वर्षाचे सहा महिने रस्त्यावर काढत होती.

ही मंडळी म्हणजे रॉक संगीताचे ताफे. 1965 मध्ये बीटल्सनी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये कार्यक्रम केला तेव्हा आवाज स्टेडियमच्याच भोंग्यांतून गेला होता. दहाच वर्षांत चित्र पालटलं. 1974 मध्ये ग्रेटफुल डेड या बँडची ध्वनियंत्रणा सुमारे 75 टनांची होती आणि ती हलवायला चार मोठे ट्रेलर आणि 21 माणसं लागत. इतका माल रोज रात्री उतरवून सकाळी दुसऱ्या शहरात उभा करायचा, तर पेटी हे ऐच्छिक सामान राहत नाही. कॅलिफोर्नियातली अँव्हिल ही कंपनी 1952 पासून अशा पेट्या बनवत होती. अँव्हिल म्हणजे ऐरण, घणाचे घाव खाऊन जागची न हलणारी. अमेरिकेतल्या वादकांच्या तोंडी पेटीला ‘अँव्हिल केस’ हेच नाव काही काळ रुळलं. पुढे 100 फेऱ्यांच्या विमानी कसोटीवरून ‘एटीए केस’ आणि ‘फ्लाइट केस’ ही नावं पसरली. म्हणजे पेटीच्या नावातलं विमान हे प्रवासाचं साधन नाही, परीक्षेचं नाव आहे.

तिचा एकेक अवयव पाहिला की त्यामागचा घाव दिसतो. पेटी पडते तेव्हा बहुधा कोपऱ्यावर पडते, म्हणून तिथे पोलादी गोळा. दोन प्लायच्या जोडात सांधा उकलतो, म्हणून कडेला ॲल्युमिनियमचा कोन आणि रिव्हेट. बाहेर आलेलं हँडल शेजारच्या पेटीत अडकून तुटतं, म्हणून हँडल आणि पंखांसारखं फिरवायचं बटरफ्लाय लॉक, दोन्ही खोबणीत. वरच्या पेटीची चाकं ट्रकच्या हेलकाव्यात घसरतात, म्हणून झाकणावर चाक बसेल अशा वाट्या.

आणि आतला फोम. त्याचं काम मऊपणाचं नाही, वेळ काढण्याचं आहे. 75 सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू कडक तळावर 2 मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिला तिच्या वजनाच्या पावणेचारशे पटींच्या आसपास झटका बसतो. तीच वस्तू फोम अडीच सेंटिमीटर दाबत थांबली तर झटका तीसेक पटींवर येतो. म्हणून फोम वजनाप्रमाणे निवडावा लागतो. फार मऊ असेल तर यंत्र तळाला टेकतं, फार कडक असेल तर तो दबतच नाही. ऑटो बायर यांनी 1937 मध्ये जर्मनीत पॉलियुरेथेन शोधलं, त्यातून पुढे हा फोम आला; त्याआधी पेट्यांना मखमल, नमदा नाहीतर घोड्याचे केस यांवर भागवावं लागे.

डीजेची पेटी या कुळातली धाकटी पाती. तिचा एक पूर्वज इंग्लंडमध्ये लिंकनशायरच्या बॉस्टन गावात आहे. रॉन डिगिन्स याने 1949 मध्ये रेकॉर्ड फिरवणारी दोन टर्नटेबल, मिक्सर, दिवे आणि माइक एकाच टेबलात बसवून ‘डिगोला’ तयार केली आणि ती गावोगावच्या नाचाला नेली. युद्धानंतर लाकडाची टंचाई होती, म्हणून ती शवपेटीच्या फळ्यांतून बांधली होती. पुढे अमेरिकेत दोन्ही बाजूंना टर्नटेबल आणि मधे मिक्सर बसवायची लांब पेटी निघाली. झाकण लावल्यावर ती शवपेटीसारखी दिसते म्हणून तिचं नाव पडलं ‘कॉफिन’. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण लांबट पेटीत आख्खं दुकान मावतं ही कल्पना दोघींत एकच आहे.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 11 ऑगस्ट 1973 रोजी डीजे कूल हर्क याने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड लावल्या, तो हिप-हॉपचा जन्मदिवस मानला जातो. त्या काळात डीजे रेकॉर्ड नेत ते दुधाच्या प्लास्टिक क्रेटमधून, कारण 12 इंची तबकडी त्यात उभी अगदी चपखल बसते. 100 रेकॉर्ड म्हणजे पंचवीसेक किलो. जपानचं टेक्निक्स एसएल-1200 हे टर्नटेबल 1972 मध्ये आलं, त्याची 1979ची आवृत्ती सुमारे 11 किलोंची. एवढं दणकट यंत्र, पण त्याचा सगळा जीव दांडीच्या टोकावरच्या केसासारख्या सुईत. म्हणून टर्नटेबलच्या पेटीत फोम कापूनच असा घेतात की सुईचं डोकं आणि दांडीचं वजन काढून वेगळ्या कप्प्यात ठेवता यावं. पुढे सीडी प्लेअर आले, मग लॅपटॉप आणि कंट्रोलर. यंत्रं हलकी झाली, पण त्यांच्यातले फेडर आणि खटके आणखी नाजूक झाले. पेटी पातळ झाली, वरती लॅपटॉपसाठी सरकता पाट आला. तिची गरज तेवढीच राहिली.

महाराष्ट्रात ‘डीजे’ हा शब्द माणसालाही लागतो आणि स्पीकरच्या भिंतीलाही. लग्नसराईत त्याचं सामान महिन्यात पंधरा-वीस वेळा चढतं-उतरतं. विमानी हिशोबाने पाहिलं तर पहिल्या वर्गाच्या 100 फेऱ्या इथे एखाद्या वर्षातच भरतात. त्यात आपले रस्ते आणि आपला पावसाळा. कोकणातल्या दमट हवेत साधा फोम ओल धरून ठेवतो आणि काही वर्षांत त्याची भुकटी होते. तिथे पाणी न पिणारा पॉलिथिनचा फोमच टिकतो. तरीही लाखाचा मिक्सर गादीत गुंडाळून पाठवणारे आहेत. ते यंत्राला अजून गवसणीच घालत आहेत, जणू टेम्पोतला प्रत्येक हात शिष्याचा आहे.

एक गोष्ट मात्र आपण सगळेच विसरतो. पेटी यंत्रासाठी आहे तशी ती उचलणाऱ्यासाठीही आहे. विमानतळांवर एका नगाची मर्यादा साधारणपणे 32 किलो असते, कारण तो नग कोणाच्या तरी पाठीने पेलायचा असतो. आपल्या टेम्पोत अशी मर्यादा कोणी लावत नाही. भरलेल्या ॲम्प रॅकचं वजन पोरांना कळतं ते उचलल्यावर, कमरेत कळ आल्यावर. तेव्हा नवी पेटी बांधून घेताना दोन हँडलांऐवजी चार लावा, चाकं मोठी घ्या आणि पेटीच्या दोन्ही बाजूंना ठळक रंगात लिहून ठेवा: आत काय आहे, वजन किती आहे आणि उचलायला किती माणसं लागतात.