लाख आणि हिरवा ठिपका

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतून हिंडणाऱ्यास पळसाच्या किंवा कुसुमाच्या कोवळ्या फांद्यांवर कधीकधी तांबूस, खरबरीत असे कवच चढलेले दिसते. तीच लाख. हा झाडाचा डिंक असावा असे कोणासही वाटेल. पण तो डिंक नव्हे. मोहरीहूनही बारीक असे किडे फांदीत सोंड रोवून रस शोषतात आणि अंगातून राळ स्रवून आपल्याभोवती घर बांधतात. अशी हजारो घरे एकमेकांस चिकटली की फांदी मढते. पिले नव्या फांदीकडे निघून गेली म्हणजे माद्या त्या घरांतच मरतात. फांदी त्याआधी तोडली तर पिलेही मरतात.

लाखेची ओळख आपणांस फार जुनी. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेचे सूक्त आहे. वारणावतातले लाक्षागृह तर पोरासोरांसही ठाऊक असते. पायांना लावावयाचा अळता याच किड्याच्या रंगाचा. 1781 साली जेम्स केर याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या किड्याचे वर्णन प्रसिद्ध केले, व किड्याच्या शास्त्रीय नावातील ‘केरिया’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला. पुढे कृत्रिम रंग निघाले आणि लाखेचा रंग मागे पडला. राळेचे महत्त्व मात्र राहिले. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या तिच्याच होत. शेजारच्या गोंदियासही लाखेचे कारखाने चालत. फांदीवरून खरवडलेली लाख धुतात, कापडी पिशवीत भरून तापवतात, पिळतात आणि ताणून तिचे पातळ पत्रे करतात. हाच सुताराच्या पॉलिशचा चपडा. हाच चपडा शुद्ध करून गोळ्या-चॉकलेटांवर, औषधाच्या गोळ्यांवर आणि सफरचंदांवर चकाकी आणण्यासाठी चढवितात. वेष्टनावर त्याचा क्रमांक 904 असतो.

आता गंमत पाहा. 2001 साली आपल्या देशात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर मांसाहाराची तपकिरी व शाकाहाराची हिरवी खूण सक्तीची झाली. प्राण्यापासून निघालेला कोणताही घटक असला तर पदार्थ मांसाहारी, असा नियम. दुधाला अर्थातच सूट. 2020 च्या नियमावलीने मध, मधमाश्यांचे मेण, कार्नोबा मेण आणि चपडा यांसही नावानिशी वगळले. (कार्नोबा मेण एका ताडाच्या पानांवरचे, त्याला ही सूट कशाला लागली, हे आम्हांस अजून उमगलेले नाही.) 2006 च्या वनहक्क कायद्याने तर गौण वनोपजाची व्याख्याच ‘वनस्पतिजन्य’ अशी केली, आणि तिच्यात टसर, मध व लाख बसविली! या दुसऱ्या चुकीबद्दल आमची तक्रार नाही. तिच्यामुळे लाखेवर वनवासी कुटुंबांचा हक्क लिहिला गेला. 2009 साली गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावास सामूहिक वनहक्क मिळाले, ते याच कायद्याने.

पहिल्या सवलतीचे तसे नाही. जैन घरांतून मध वर्ज्य मानतात, आणि आता दूधही सोडणारी तरुण मंडळी आपल्याकडे आहेत. मध त्यांस ओळखू येतो. गोळीवरची चकाकी ओळखू येत नाही. रानातल्या माणसापासून हा किडा कधीच लपलेला नव्हता. पिले बाहेर पडण्याची वेळ पाहूनच तो बीजाची फांदी दुसऱ्या झाडास बांधतो. 2021 च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने, घटक प्राणिज आहे की वनस्पतिज हे नुसत्या सांकेतिक आकड्याने न भागविता उघड सांगावे, असा आदेश दिला, तो आम्हांस रास्त वाटतो.

लाख बंद करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तसे झाले तर पहिला फटका पळसाखालच्या कुटुंबास बसेल. वेष्टनावर ‘लाख’ हा शब्द छापावा, एवढेच. ज्यास खावयाचे तो खाईल. तो छापला जाईपर्यंत 904 हा आकडा श्रोत्यांनी टिपून ठेवावा.