ईशान्य मुंबई : एका मतदारसंघाची घडण



मतदारसंघ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पक्षांचीं निशाणें, मतांचे आंकडे आणि मतमोजणीच्या दिवसाची धांदल हींच उभीं राहतात. परंतु मतदारसंघालाहि इतिहास असतो. तेथें कोण, केव्हां आणि कोणत्या वाटेनें वस्तीस आलें हें समजल्यावांचून तेथील मताचा उलगडा होत नाहीं. आज मी आपणांस ईशान्य मुंबईचें उदाहरण सांगणार आहें.

मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, मानखुर्द हीं गांवें मुळांत साष्टी बेटांतलीं. कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती हे या बेटाचे जुने रहिवासी. भात, मीठ आणि मासळी यांवर त्यांचा चरितार्थ चाले. पोर्तुगीजांची सत्ता १७३९ पर्यंत मराठ्यांनीं येथून उखडली, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला. राज्यें बदललीं, तरी शेताचे बांध होते तेथेंच राहिले. ते हालविले आगगाडीनें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती याच शिवारांतून. पुढें शहर रुळांच्या कडेकडेनें उत्तरेस सरकूं लागलें. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांनीं मुंबई महापालिकेची हद्द मुलुंडपर्यंत पोहोंचली.

ही वस्ती एका रात्रींत झालेली नाहीं. ती थराथरानें बसली आहे. घाटकोपर व मुलुंड येथें गुजराती आणि कच्छी व्यापारी आले, मराठी नोकरदार आले. विक्रोळीची विस्तीर्ण जमीन गोदरेज कुटुंबानें १९४० च्या दशकांत घेतली व तेथें कारखान्यांची वसाहत उभी राहिली. आग्रा रोडच्या दुतर्फा गिरण्या-कारखाने निघाले, तेव्हां कोंकणांतून आणि घाटावरून कामगार भांडुप-विक्रोळीच्या चाळींत येऊन राहिले. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मुलुंडच्या छावणींत आसरा मिळाला. घाटकोपरास रमाबाई आंबेडकर नगरासारखी बौद्ध बांधवांची मोठी वस्ती झाली. आणि देवनारच्या कचराभूमीलगत, शिवाजीनगराच्या बाजूस, शहरांतून हलविलेले झोपडीवासी आणून वसविण्यांत आले. त्यांत मुसलमानांचा भरणा मोठा. २००८ च्या पुनर्रचनेनंतर या मतदारसंघांत मुलुंड, भांडुप पश्चिम, विक्रोळी, घाटकोपर पूर्व, घाटकोपर पश्चिम आणि मानखुर्द-शिवाजीनगर असे सहा विधानसभा विभाग आले. सहा विभाग म्हणजे जणूं सहा निरनिराळीं गांवें!

शहराचा तोल कसा ढळला हें शिरगणतीवरून दिसतें. २००१ मध्यें मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ होती. ती २०११ मध्यें ३०,८५,४११ झाली. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा मात्र ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ वर गेला. ज्यास आपण एके काळीं मुंबईची वेस म्हणत होतों, तेथेंच आतां मुंबईचें बहुमत राहतें.

आतां राजकारणाकडे वळूं. १९६२ सालीं उत्तर मुंबईच्या विस्तीर्ण मतदारसंघांत कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी यांची जी लढत झाली, ती देशभर गाजली. मेनन सुमारें १ लक्ष ४५ हजार मतांच्या आधिक्यानें विजयी झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनचें आक्रमण झालें व त्यांना मंत्रिपद सोडावें लागलें. १९६७ सालीं काँग्रेसनें त्यांना ईशान्य मुंबईची उमेदवारी नाकारली. ते अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे, प्रशासनांत नांव मिळविलेले गृहस्थ. १९६६ मध्यें स्थापन झालेल्या शिवसेनेनें बर्व्यांस पाठिंबा दिला, आणि मेनन हे महाराष्ट्राबाहेरचे हा मुद्दा उघडपणें पुढें आला. बर्वे तेरा हजारांहून कांहीं अधिक मतांनीं निवडून आले. परंतु लवकरच त्यांचें निधन झालें. पोटनिवडणुकींत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनींहि मेनन यांचा पराभव केला.

‘आपला कोण, परका कोण?’ हा प्रश्न त्या वर्षीं विचारला गेला तो अशा ठिकाणीं, जेथें कोळी-आगऱ्यांसारखे मूळचे रहिवासी वगळले तर जवळजवळ प्रत्येकाचें घराणें बाहेरूनच आलेलें! आधींच्या गाडीनें आलेल्यानें मागच्या गाडीनें येणाऱ्यास उपरा म्हणावें, असाच हा प्रकार नव्हे काय?

पुढचा इतिहास अधिक बोलका आहे. सुब्रह्मण्यम स्वामी येथून १९७७ व १९८० सालीं लागोपाठ निवडून आले. त्यानंतर २०२४ च्या निवडणुकीपर्यंत एकाहि खासदारास हें आसन सलग दुसऱ्यांदा लाभलें नाहीं. गुरुदास कामत १९८४, १९९१, १९९८ आणि २००४ असे चार वेळां जिंकले. पण मधल्या १९८९, १९९६ व १९९९ या तीन निवडणुकांत अनुक्रमें जयवंतीबेन मेहता, प्रमोद महाजन आणि किरीट सोमय्या यांनीं त्यांस हरविलें. सोमय्या पुन्हां २०१४ मध्यें आले. २०१९ मध्यें त्यांच्याच पक्षानें मनोज कोटक यांस उभें केलें. २००९ मध्यें राष्ट्रवादीतर्फे विजयी झालेले संजय दिना पाटील २०२४ मध्यें उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेतर्फे परत आले.

कोणी यास मतदारांचें चंचलपण म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. कधीं पक्षांनीं उमेदवार बदलले, कधीं देशांतील वारें फिरलें, हें खरेंच. पण मूळ कारण वस्तीच्या घडणींत आहे. येथें कोणत्याहि एका भाषेचें, धर्माचें वा धंद्याचें निर्विवाद बहुमत नाहीं. मुलुंडच्या मतावर विसंबून शिवाजीनगराकडे पाठ फिरविणाऱ्यास, किंवा भांडुपच्या चाळींना विसरून घाटकोपरच्या पेढ्यांवर भिस्त ठेवणाऱ्यास, हें आसन फार काळ टिकवितां येत नाहीं. प्रत्येक पांच वर्षांनीं त्याला सहाहि गांवांच्या दारांत उभें राहावें लागतें.

लोकशाहींत आसन हें वतन नव्हे. हा धडा पुस्तकांत वाचतांना सोपा वाटतो. ईशान्य मुंबईच्या मतदारानें तो पुढाऱ्यांकडून पुनः पुन्हां गिरवून घेतला आहे. मात्र दुसरा अर्धा धडा मतदारानेंच शिकावयाचा आहे : शेजारच्या वस्तींतील माणूस कोणत्या गाडीनें आला हें न विचारतां, त्याच्या नळाला पाणी येतें कीं नाहीं हें त्यानें विचारावें. तो प्रश्न ज्या दिवशीं सहाहि विभाग एकमेकांसाठीं विचारूं लागतील, त्या दिवशीं हा मतदारसंघ नकाशावरच्या रेषेपेक्षां कांहींतरी अधिक झाला असें म्हणतां येईल.