डिजिटल संगीताचे उपकरणबंधन

डिजिटल संगीताचे उपकरणबंधन म्हणजे विकत घेतलेले किंवा वर्गणी भरून उतरवलेले गाणे विक्रेत्या कंपनीच्या स्वतःच्या अथवा तिने मान्यता दिलेल्या उपकरणांवरच वाजावे, अशी तांत्रिक व्यवस्था होय. डिजिटल हक्क व्यवस्थापन (संक्षेप : डीआरएम) या व्यापक तंत्राचा हा एक प्रकार आहे. कंपन्यांनी असे बंधन घालावे की नाही, यावर इ.स. २००३ ते २००९ या काळात अमेरिका व युरोपात मोठा वाद झाला. ग्राहकाने पैसे मोजून घेतले ते गाणे, की ते ठरावीक यंत्रावर ऐकण्याची केवळ परवानगी, हा या वादाचा गाभा होता. भारतात या विषयाला २०१२ च्या प्रताधिकार दुरुस्तीने कायद्याची चौकट मिळाली. एकच ध्वनिमुद्रण अनेकांनी मिळून ऐकण्याची रीत असलेल्या वऱ्हाडासारख्या प्रदेशात या बंधनाचे परिणाम वेगळ्या स्वरूपात दिसतात.

कार्यपद्धती

उपकरणबंधन असलेल्या गाण्याची फाइल कूटबद्ध केलेली असते. ती उलगडणारी किल्ली ग्राहकाच्या खात्याशी व त्याने नोंदवलेल्या उपकरणांशी जोडलेली असते. फाइलची नक्कल करता येते, परंतु किल्लीवाचून ती वाजत नाही. अनेक व्यवस्थांमध्ये नव्या उपकरणासाठी किल्ली कंपनीच्या सर्व्हरकडून घ्यावी लागते. त्यामुळे तो सर्व्हर बंद झाल्यास ग्राहकाकडे फाइल असूनही ती नव्या यंत्रावर निरुपयोगी ठरते.

नक्कल-प्रतिबंध आणि उपकरणबंधन यांत फरक केला जातो. नक्कल-प्रतिबंधाचा उद्देश प्रतींची संख्या मर्यादित ठेवणे हा असतो. उपकरणबंधनामुळे ग्राहकाने कोणत्या कंपनीचे यंत्र घ्यावे हे ठरते. मायक्रोसॉफ्टने आपले ‘प्लेज फॉर शुअर’ हे तंत्र अनेक उत्पादकांना वापरण्यास दिले होते. ॲपलने ‘फेअरप्ले’ हे आपले तंत्र इतर उत्पादकांना दिले नाही. दोन्हींमध्ये नक्कल-प्रतिबंध होता, मात्र एकाच कंपनीच्या यंत्राशी ग्राहकाला बांधणारे बंधन मुख्यतः दुसऱ्यात होते.

इतिहास

ॲपल कंपनीने २८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्स म्युझिक स्टोअर सुरू केले. तेथे एक गाणे ९९ सेंटना मिळत असे. फेअरप्लेमुळे विकत घेतलेले गाणे मर्यादित संख्येच्या संगणकांवर वाजवता येई, पण खिशात बाळगण्याच्या वादकांपैकी मुख्यतः आयपॉडवरच ते चाले. रिअलनेटवर्क्स या कंपनीने २००४ मध्ये ‘हार्मनी’ हे तंत्र आणून आपल्या दुकानातील गाणी आयपॉडवर वाजवण्याची सोय केली. ॲपलने त्यास तीव्र आक्षेप घेतला व पुढे आयपॉडच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ती सोय निकामी केली.

नॉर्वेतील ग्राहक संस्थांनी २००६ पासून ॲपलच्या अटींना आव्हान दिले. त्याच वर्षी फ्रान्सने प्रताधिकार कायद्यात बदल करून अशा तंत्रांच्या परस्पर-सुसंगतीसाठी नियामक यंत्रणा नेमली. ६ फेब्रुवारी २००७ रोजी ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी एक खुले निवेदन प्रसिद्ध केले. बंधन ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आग्रहामुळे आहे, त्याच कंपन्या सीडीवर तीच गाणी बंधनाविना विकतात आणि सरासरी आयपॉडमधील तीन टक्क्यांहून कमी गाणी आयट्यून्समधून घेतलेली असतात, असे त्यांचे म्हणणे होते.

एप्रिल २००७ मध्ये ईएमआय कंपनीने बंधनमुक्त गाण्यांच्या विक्रीस मान्यता दिली. सप्टेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनने एमपीथ्री स्वरूपातील बंधनमुक्त गाण्यांचे दुकान उघडले. जानेवारी २००९ मध्ये ॲपलने आपल्या दुकानातील सर्व गाणी बंधनमुक्त करण्याची घोषणा केली. आधी घेतलेली गाणी बंधनमुक्त करून घेण्यासाठी मात्र प्रत्येक गाण्यामागे ३० सेंट आकारण्यात आले. आयपॉड ग्राहकांनी ॲपलविरुद्ध दाखल केलेल्या मक्तेदारीविषयक सामूहिक दाव्यात डिसेंबर २०१४ मध्ये ज्यूरीने ॲपलच्या बाजूने निर्णय दिला.

बंधनाची दुसरी बाजू २००८ मध्ये उघड झाली. मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिकच्या ग्राहकांना, ३१ ऑगस्ट २००८ नंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या मिळणार नाहीत, असे कळवले. टीकेनंतर ही मुदत वाढवावी लागली. याहूनेही त्याच वर्षी आपले संगीत दुकान व किल्ली-सर्व्हर बंद करण्याचे जाहीर केले आणि ग्राहकांना भरपाई देऊ केली.

भारतातील वाटचाल

आयट्यून्सचे दुकान भारतात डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाले. तोवर त्यातील गाण्यांवरील बंधन निघालेले होते. त्याआधी फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ हे बंधनमुक्त एमपीथ्री गाण्यांचे दुकान काढले, परंतु जून २०१३ मध्ये ते बंद झाले. दुकान बंद झाले तरी ग्राहकांनी आधी उतरवून ठेवलेली गाणी कोणत्याही यंत्रावर वाजत राहू शकत होती.

सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये बाजारात आणलेल्या ‘कारवां’ या संचात हजारो जुनी गाणी आधीच भरलेली असतात. मराठी गाण्यांची स्वतंत्र आवृत्तीही निघाली. आतील गाणी त्या संचातूनच ऐकायची असल्याने हाही उपकरणबंधनाचाच एक प्रकार ठरतो. तथापि ही मर्यादा खरेदीच्या वेळीच स्पष्ट असते, गाणी वाजण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरची गरज नसते आणि ब्लूटूथ, युएसबी व रेडिओची सोय असल्याने बाहेरील गाण्यांनाही तो संच खुला राहतो.

कायदेशीर स्थिती

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ६५-अ समाविष्ट झाले. प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षक तांत्रिक उपाय निष्प्रभ केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद त्यात आहे. अधिनियमाने मना न केलेल्या कारणासाठी कुलूप उघडणे हा गुन्हा नाही. मात्र त्यासाठी दुसऱ्यास साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीची व कारणाची नोंद ठेवणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यात कुलूप तोडण्याची कृतीच, ठरावीक अपवाद वगळता, निषिद्ध आहे. भारतीय कायदा त्या मानाने हेतूला अधिक महत्त्व देतो.

कलम ५२ नुसार खाजगी वापरासाठी केलेला उचित वापर हा प्रताधिकारभंग मानला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ही सवलत ध्वनिमुद्रणांनाही लागू झाली. परंतु कुलूपबंद फाइलच्या बाबतीत ही सवलत प्रत्यक्षात वापरता यावी, अशी सोय करून देण्याचे बंधन कायद्याने कंपन्यांवर घातलेले नाही. एक वस्तू घेताना दुसरी घेण्याची सक्ती करणारे करार स्पर्धेस बाधक ठरत असल्यास स्पर्धा अधिनियम, २००२ मधील कलम ३ व ४ खाली त्यांची चौकशी होऊ शकते.

वऱ्हाडातील संदर्भ

अमरावती व अकोला जिल्ह्यांत भजन, कीर्तन आणि गझल यांची समृद्ध परंपरा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांची खंजिरी भजने अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथून गावोगावी पोहोचली. गझलकार सुरेश भट (१९३२–२००३) यांचा जन्म अमरावतीचा. या संगीताचा प्रसार ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, कॅसेट आणि सीडी या माध्यमांतून झाला. कॅसेट कोणत्याही कंपनीच्या टेपरेकॉर्डरवर वाजे. भजनी मंडळाने आणलेली एक कॅसेट मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून सगळे गाव ऐके व पुढे ती शेजारच्या गावालाही जाई.

साध्या मोबाइल फोनच्या काळात कॅसेटची जागा मेमरी कार्डाने घेतली. महाराष्ट्रातील इतर भागांप्रमाणे येथेही मोबाइलच्या दुकानांतून थोड्या पैशांत कार्डात गाणी भरून मिळत. कार्ड एका फोनमधून काढून दुसऱ्यात घालता येई. यातील बहुतांश गाणी विनापरवाना असत. त्यांपासून गीतकार, संगीतकार वा गायक यांना काहीही मिळत नसे. एक व्यक्ती, एक खाते आणि एक उपकरण हे उपकरणबंधनाचे गृहीतक या सामुदायिक ऐकण्याशी जुळत नाही. दुसरीकडे, बंधन नसलेली गाणी कलावंताला मोबदला न देता कशी फिरतात, याचेही मेमरी कार्ड हे ठळक उदाहरण आहे.

प्रताधिकाराच्या मुदतीचा प्रश्नही येथे उद्भवतो. भारतात साहित्य व संगीतकृतीवरील प्रताधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणावरील स्वतंत्र प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. या हिशेबाने तुकडोजी महाराजांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचनांवरील मुदत २०२८ च्या अखेरीस, तर सुरेश भटांच्या तशा रचनांवरील मुदत २०६३ च्या अखेरीस संपते. कायद्याची मुदत संपली म्हणून तांत्रिक कुलूप आपोआप उघडत नाही. कुलूपबंद स्वरूपातच उरलेले ध्वनिमुद्रण सर्वांसाठी मुक्त झाल्यावरही वापराबाहेर राहू शकते. ग्रंथालये व संग्राहकांच्या दृष्टीने ही या तंत्राची गंभीर मर्यादा आहे.

युक्तिवाद

बंधनाच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते की, डिजिटल नक्कल मूळ प्रतीइतकीच सरस असल्याने निर्बंधाविना कलावंतांचे उत्पन्न बुडते. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सुरुवातीला आपली गाणी आंतरजालावर विकण्यास मान्यता दिली, तीच या कुलपाच्या भरवशावर. आणि यंत्र, दुकान व सॉफ्टवेअर एकाच कंपनीचे असल्यास ग्राहकाला वापर सुलभ होतो.

विरोधकांच्या मते कुलपाचा जाच मुख्यतः पैसे देणाऱ्या ग्राहकाला होतो, कारण विनापरवाना प्रतीवर कुलूप नसतेच. ग्राहकाचा संग्रह जितका वाढतो, तितके दुसऱ्या कंपनीचे यंत्र घेणे त्याला महाग पडते. त्यामुळे यंत्रांच्या बाजारातील स्पर्धा घटते. कंपनी बंद पडल्यास नुकसान ग्राहकाचे होते. कलावंताच्या मोबदल्यासाठी इतर मार्ग असल्याचेही ते दाखवून देतात. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना रॉयल्टीतील समान वाट्याचा, वारस वा प्रताधिकार संस्था यांव्यतिरिक्त कोणालाही देऊन टाकता न येणारा हक्क दिला. तो गाणे कोणत्या यंत्रावर वाजते यावर अवलंबून नाही.

सद्यस्थिती

विकल्या जाणाऱ्या गाण्यांवरील बंधन बव्हंशी संपले असले तरी वर्गणीवर चालणाऱ्या सेवांमध्ये ते कायम आहे. भारतात ॲपल म्युझिक २०१५ मध्ये, तर स्पॉटिफाय २०१९ मध्ये सुरू झाले. अशा सेवांतून उतरवलेली गाणी त्या-त्या ॲपमध्येच वाजतात आणि वर्गणी संपताच बंद होतात. एकच ॲप अनेक कंपन्यांच्या फोनवर चालत असल्याने बंधन आता यंत्राऐवजी मुख्यतः खात्याशी जोडलेले आहे. रेसो ही सेवा जानेवारी २०२४ अखेर भारतात बंद झाली आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक बंद केले. फ्लाइटच्या ग्राहकांकडे दुकान बंद झाल्यावरही गाणी उरू शकत होती. ॲपमध्ये कुलूपबंद असलेल्या गाण्यांच्या बाबतीत ही शक्यता राहत नाही.