ग्रामीण ख्रिस्तमंदिरातील मराठी कीर्तन : उगम, स्वरूप आणि सामाजिक अर्थ

प्रस्तावना

गावातील लहानशा ख्रिस्तमंदिरात महिन्यातील एक रात्र ठरवावी, पेटी, तबला आणि टाळ मांडावेत आणि शुभवर्तमानावरील गीते सर्वांनी मिळून म्हणावीत, असा उपक्रम आज सुरू झाला तर तो पाश्चात्त्य 'गॉस्पेल' संगीताच्या प्रभावाने आलेला आहे, असे सहज समजले जाते. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास हा समज अपुरा आहे. शुभवर्तमान रात्रीच्या बैठकीत गाऊन सांगण्याची मराठी परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात आकाराला आली. ती 'ख्रिस्ती कीर्तन' या नावाने ओळखली जाते. या परंपरेचा उगम व स्वरूप पाहून तिचा सामाजिक अर्थ मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

मराठीतून ख्रिस्तचरित्र गाण्याचा पहिला मोठा प्रयत्न गोव्यात झाला. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला व तो १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. ग्रंथासाठी ओवीची निवड करण्यामागे नवख्रिस्ती श्रोत्यांची जाण होती. पुराणश्रवणाची सवय असलेल्या समाजाला धर्मकथा ऐकायची असते, आणि ती ओळखीच्या छंदात ऐकायची असते, हे स्टीफन्स यांनी ओळखले होते.

घाटावरील परिस्थिती निराळी होती. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले. आरंभीच्या उपासनेत इंग्रजी स्तोत्रांची मराठी भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गायिली जात. रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी या कामी मोठे परिश्रम घेतले. तथापि भाषांतर कितीही निर्दोष असले तरी एक अडचण शिल्लक राहत असे. मराठीतील ऱ्हस्व-दीर्घाची व्यवस्था आणि इंग्रजी चालीतील आघात यांचा मेळ बसत नसे. जात्यावरच्या ओव्या आणि दिंडीतले अभंग ज्यांच्या कानात लहानपणापासून होते, त्या खेड्यातील माणसांना ही गाणी पाठ करावी लागत. ती त्यांच्या ओठी आपोआप येत नसत.

कीर्तनाचा स्वीकार

१८६० च्या दशकात अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीने कीर्तनाचा प्रकार स्वीकारला. देशी छंदांत ख्रिस्ती पदे रचणाऱ्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४-१९०८) यांचे नाव अग्रभागी येते. पुढील पिढीत रेव्हरंड सुमंतराव करमरकर यांनी कीर्तनकार म्हणून लौकिक मिळविला.

कीर्तनाची मूळ चौकट फारशी बदलण्याची गरज पडली नाही. पूर्वरंगात नमन, मुख्य पद आणि त्यावरील निरूपण, उत्तररंगात आख्यान, शेवटी प्रार्थना, असा क्रम कायम राहिला. पूर्वरंगातील विवेचनासाठी बायबलमधील वचन आले, तर आख्यानासाठी योसेफाची कथा, उधळ्या पुत्राचा दाखला किंवा ख्रिस्ताचे दुःखसहन असे विषय आले. साकी, दिंडी, आर्या, अभंग ही वृत्ते जशीच्या तशी उपयोगी पडली. मूर्तिपूजेशी जोडलेला प्रकार उपासनेत आणावा काय, अशी शंका घेणारे मंडळीत होतेच. पण प्रकार आणि आशय वेगळे करता येतात, हे कीर्तनकारांनी वादापेक्षा प्रयोगाने दाखवून दिले.

रात्रीची वेळ हाही या प्रकाराचा महत्त्वाचा भाग होता. खेड्यातील मंडळी प्रामुख्याने शेतमजुरी आणि बलुतेदारीवर जगणारी होती. दिवसाचे काम आटोपल्यावर, जेवणानंतर दिव्याच्या उजेडात बसणे त्यांना शक्य होते. शिवाय कीर्तनाला शेजारची अख्रिस्ती माणसेही येऊन बसू शकत. रविवारच्या उपासनेला ज्यांनी पाऊल ठेवले नसते, त्यांना कीर्तन ऐकण्यात काही वावगे वाटत नसे.

टिळकांचे योगदान

या परंपरेला काव्यगुणाची जोड रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांचे वास्तव्य मुख्यतः अहमदनगर व राहुरी येथे झाले. तुकारामांच्या अभंगांचा संस्कार हाच आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल ठरला, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे त्यांच्या भजनांत ख्रिस्त परका वाटत नाही. तो माउली, सखा व सद्गुरू या संतपरंपरेतील नात्यांनी भेटतो. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपूर्ण राहिले, ते लक्ष्मीबाई टिळकांनी पुरे केले. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला, त्यामागेही भक्तीला पंथाच्या चौकटीबाहेर आणण्याचीच ओढ होती.

कोकणातील समांतर उदाहरण

कीर्तन हे एका धर्माचे न राहता मराठी भाषकांचे समाईक माध्यम झाले होते, याची साक्ष कोकणातील बेने इस्राएल समाज देतो. रायगड जिल्ह्यातील गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या ज्यू समाजाने १८८० च्या सुमारास मुंबईत कीर्तनाचा अंगीकार केला. मोशे, योसेफ, दावीद यांची आख्याने मराठी पदांत गायिली जाऊ लागली. पनवेल येथे १८४९ मध्ये उभारलेले 'बेथ एल' सिनेगॉग या समाजाच्या वास्तव्याची खूण म्हणून आजही उभे आहे. हिब्रू प्रार्थना अबाधित ठेवून धर्मकथा मात्र मायबोलीत गाण्याचा जो मार्ग या समाजाने निवडला, तो अहमदनगरच्या मार्गाशी मिळताजुळता आहे.

सामाजिक अर्थ

तथापि अहमदनगरच्या खेड्यांतील कीर्तनाला आणखी एक अर्थ होता. तेथील ख्रिस्ती मंडळींतील बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. ज्या कीर्तनपरंपरेचा त्यांनी स्वीकार केला, तिच्या मंदिरांत त्यांना प्रवेश नव्हता. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले होण्यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ही कालरेषा समोर ठेवली म्हणजे लहानशा ख्रिस्तमंदिरातील कीर्तनाचे मोल ध्यानात येते. ज्यांना दाराबाहेर उभे राहून ऐकावे लागत होते, ते येथे आत बसून, टाळ हाती घेऊन, पुढे उभे राहून गाऊ लागले. धर्म बदलला तरी अभंगावरील आपला वारसा त्यांनी सोडला नाही. उलट तो प्रथमच उघडपणे वापरला.

याच संदर्भात अमेरिकेतील उदाहरण उद्बोधक ठरते. ब्लूज संगीतात मुरलेले पियानोवादक थॉमस डॉर्सी यांनी १९३२ पासून शिकागोच्या पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये गॉस्पेल गायकवृंदाचे नेतृत्व केले. प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चमध्ये या 'बाजारी' सुरांना आरंभी विरोध झाला. पण दक्षिणेतून आलेल्या श्रमिकांना तेच सूर आपले वाटले. दोन्ही ठिकाणी वंचित समाजाने आपल्या कानातील संगीत प्रार्थनाघरात नेले आणि ते करताना स्वतःलाही मान मिळवून दिला.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे. कीर्तनाने जातीचा प्रश्न सोडविला नाही. ख्रिस्ती समाजातही विवाहसंबंधांत पूर्वीच्या जातींचे भान टिकून राहिले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलतींतून ख्रिस्ती दलित वगळले गेले. एकत्र गाणे म्हणजे समता नव्हे. मात्र समतेची सवय लावणारी ती एक जागा होती, एवढे निश्चित म्हणता येते.

समारोप

ख्रिस्ती कीर्तनाचा इतिहास पाहता ते तीन गोष्टींवर उभे राहिले, असे दिसते : श्रमिकांना सोयीची ठरलेली वेळ, श्रोत्यांच्या कानाला परिचित छंद, आणि गावातीलच गाणारी माणसे. या तिहींपैकी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. बाहेरून आणलेला गायकवृंद एका रात्रीचा कार्यक्रम करू शकतो. परंपरा मात्र तेव्हाच निर्माण होते, जेव्हा मागे बसलेली म्हातारी धृपद उचलते. आज एखाद्या लहान ख्रिस्तमंदिरात मासिक भजनसंध्या सुरू करणाऱ्यांनी गिटार घ्यावी की मृदंग, हा प्रश्न दुय्यम आहे. गाणे कोणाचे आणि ते म्हणण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी अहमदनगरच्या खेड्यांतील मंडळीने स्वतःपुरता सोडविला होता. त्या उत्तराची नोंद मराठी संगीताच्या आणि सामाजिक इतिहासाच्या अभ्यासात अधिक ठळकपणे व्हावयास हवी.