गाडी गेली, नाव राहिले : टाळेबंदीतील जुन्या मोटारींचे व्यवहार

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, रुमालात बांधलेली मोडी दफ्तरे डोळ्यांसमोर येतात. आजच्या धाग्यातील साधन त्या मानाने फारच सामान्य आहे. ‘फॉर्म २९’ आणि ‘फॉर्म ३०’. मोटार विकली की हस्तांतरणासाठी भरायचे हे कागद. बोलीभाषेत ‘टीटीओचे फॉर्म’. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्रात असे किती कागद सह्या होऊन कपाटात पडून राहिले, याची मोजदाद कोणी केलेली नाही. मात्र गाडी एका दारातून दुसऱ्या दारात जाते आणि तिचे नाव मागेच राहते, तेव्हा काय होते, हे त्या दोन वर्षांत जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसले असेल.

आधी काळ डोळ्यांसमोर आणू. २३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात संचारबंदी जाहीर झाली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. राज्यातील सरकारी कार्यालयांत ५ टक्के उपस्थितीचा आदेश होता. मोटारविक्रीची दालने बंद, कारखाने बंद. एप्रिल २०२० मध्ये देशात मोटारींची घाऊक विक्री अक्षरशः शून्यावर आली. मारुती सुझुकीने त्या महिन्याची देशांतर्गत विक्री ‘शून्य’ म्हणून जाहीर केली. कंपनीच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते.

योगायोग असा की त्याच वेळी, १ एप्रिल २०२० रोजी, भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे नवे मानक लागू झाले. बीएस-४ बनावटीच्या न विकल्या गेलेल्या गाड्यांचे काय करायचे, याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ मार्चला न्यायालयाने टाळेबंदी उठल्यावर दिल्ली परिसर वगळता १० दिवसांत १० टक्के साठा विकण्याची मुभा दिली आणि ८ जुलैला ती मागे घेतली. मात्र हा सारा वाद कोऱ्या गाड्यांचा होता. नोंदणी झालेली बीएस-४ गाडी एका मालकाने दुसऱ्याला विकण्यास काहीच आडकाठी नव्हती. विक्रेत्याच्या गोदामात अडकलेली गाडी आणि शेजारच्या सोसायटीत उभी असलेली तीच गाडी, दोघींचे नशीब कायद्याने असे वेगळे केले.

आता मागणीकडे पाहू. मुंबईची लोकल रोज ७० लाखांहून अधिक माणसे वाहून नेत असे. मार्च २०२० मध्ये ती सर्वसामान्यांसाठी थांबली. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांना मुभा मिळाली, ऑक्टोबरमध्ये स्त्रियांना ठरावीक वेळांत, आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वांना, तीही वेळेच्या बंधनासह. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा दार बंद. दोन्ही लसमात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवेश मिळाला. विरार, बदलापूर किंवा पनवेलहून कामावर जाणाऱ्याने या सतरा महिन्यांत काय करावे? बसमध्ये गर्दीची भीती, टॅक्सी परवडत नाही, नवी गाडी आवाक्याबाहेर. ज्याने जन्मात मोटार घेण्याचा विचार केला नव्हता, असा माणूस ‘आठ-दहा वर्षांची असली तरी चालेल, पण घरची हवी’ असे म्हणू लागला.

दुसऱ्या बाजूला, ज्याचा पगार कापला गेला, ज्याचे दुकान बंद पडले, त्याच्यासाठी दारातली गाडी ही पैशात रूपांतर होऊ शकणारी मोजक्या वस्तूंपैकी एक होती. सोने मोडायला सराफी पेढीही उघडी नव्हती. या बाजाराचे वर्णन करताना आपण केवळ ‘मागणी वाढली’ असे लिहितो, तेव्हा विकणाऱ्याची ही बाजू सुटून जाते.

पुढे संगणकचिपांचा तुटवडा पडला आणि नव्या गाड्यांची प्रतीक्षा लांबली, तेव्हा जुन्या गाड्यांचे भाव जगभर चढले. अमेरिकेत जून २०२१ पर्यंतच्या बारा महिन्यांत जुन्या मोटारींचा किंमत निर्देशांक ४५.२ टक्क्यांनी वाढला. एकट्या जूनमध्ये १०.५ टक्क्यांनी. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला यात नवल वाटले नसते. परवाना-राजच्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट (नंतरची पद्मिनी) मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि हाती असलेली वापरलेली गाडी चढ्या भावाने विकली जाई. टंचाईत जुन्या वस्तूचा मान वाढतो. टंचाई युद्धाची, सरकारी धोरणाची की विषाणूची, हे बाजाराला सारखेच.

प्रत्यक्ष व्यवहार कसा होई? समजा गाडी पुण्यात आहे आणि घेणारा साताऱ्यात. जाहिरातीतील छायाचित्रे पाहून फोन होई, मग व्हिडिओ कॉलवर गाडीभोवती प्रदक्षिणा. बॉनेट उघडून दाखवायचे, थंड इंजिन सुरू करून आवाज ऐकवायचा, सीटखालचा गंज टॉर्चने दाखवायचा. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरलेली असे, टायर बसलेले असत, आणि तेवढ्यावरून घेणारा भाव पाडून मागे. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेण्याची रीत या काळात अडचणीची झाली, कारण मे २०२० च्या नियमांनुसार चारचाकीत चालक आणि दोन प्रवासी एवढेच चालत. जिल्हा ओलांडायला ई-पास लागे. वैद्यकीय निकड, निकटच्या नातलगाचे निधन अशी कारणे त्यासाठी ग्राह्य होती. ‘गाडी पाहायला जाणे’ हे काही त्यात बसणारे कारण नव्हते. २ सप्टेंबर २०२० पासून खासगी वाहनांची ही अट उठली आणि एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत परत आली. जून २०२० च्या अखेरीस मुंबईत तर पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे विनाकारण हिंडणाऱ्यांच्या गाड्या जप्त केल्या. चाचणीसाठी चक्कर मारायची ती सोसायटीच्या आवारातच.

पैसे फोनवरून गेले, किल्ली सॅनिटायझरने पुसून हातात पडली, आरसी, विमा आणि पीयूसीचे कागद दिले. विकणाऱ्याने फॉर्मवर सह्या केल्या. चासीवर कोरलेल्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासून त्याची छाप घेतली. (अल्लाउद्दीन खलजीने आणि पुढे अकबराने सैन्यातील घोड्यांना डाग देण्याची पद्धत ठेवली होती, ती हजेरीच्या वेळी कोणी चांगला घोडा बदलून मरतुकडा उभा करू नये म्हणून. चासी क्रमांक हा त्या डागाचाच वंशज म्हणायला हरकत नाही.) एवढे झाल्यावर दोघेही म्हणत, ‘आरटीओ सुरळीत झाले की नाव करून घेऊ.’

इथेच मेख आहे. शेतजमिनीच्या व्यवहारात खरेदीखत आणि सातबाऱ्यावरचा फेरफार या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे महाराष्ट्रात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. मोटारीचेही तसेच आहे, पण एका फरकाने. मोटार ही जंगम वस्तू. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे तिची मालकी पक्षकारांच्या कराराने आणि ताब्याने जाऊ शकते. नोंदणी पुस्तकातील नाव बदलले नाही म्हणून विक्री रद्द होत नाही. त्याचवेळी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते की त्याच राज्यात विक्री झाली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे. आणि त्याच कायद्याच्या कलम २(३०) मध्ये ‘मालक’ म्हणजे, काही अपवाद सोडता, ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे ती व्यक्ती. १९३९ च्या जुन्या कायद्यातील व्याख्येत नोंदणीचा असा उल्लेख नव्हता. म्हणजे १९८८ नंतर एकाच गाडीला काही काळ दोन मालक असू शकतात : एक कराराचा, एक दप्तराचा.

हा वकिली काथ्याकूट वाटत असेल, तर ६ फेब्रुवारी २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हस्ते-परहस्ते विकली गेली होती. नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर होती. अपघात झाला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितले, नोंदलेल्या मालकाने. अपघातात सापडलेल्या माणसाने विक्रीच्या साखळीतील शेवटचा कडी-कोयंडा शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. बळी पडलेल्याच्या बाजूने पाहिले तर हा निकाल योग्यच आहे, असे माझे मत. पण जो वर्षांपूर्वी गाडी देऊन मोकळा झालो असे समजत होता, त्याच्यावर कोसळणारा भारही खरा आहे. विमा चालू असेल तर कलम १५७ मुळे तिसऱ्या पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे गेले असे मानले जाते आणि कंपनी पैसे भरते. विमा संपलेला असेल, तर नाही. टाळेबंदीत दाराशी उभ्या गाडीचा विमा नूतन करायला विसरणे किती सोपे होते, हे सांगायला नको.

सरकारने त्या काळात काय केले? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ३० मार्च २०२० रोजी राज्यांना कळवले की १ फेब्रुवारीपासून मुदत संपलेले परवाने, नोंदणी, योग्यता प्रमाणपत्रे ३० जूनपर्यंत वैध मानावीत. ही मुदत पुढे वाढत वाढत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत गेली. निर्णय शहाणपणाचा होता आणि लाखो चालकांचा त्याने त्रास वाचवला. मात्र त्यात जुन्या कागदाचे आयुष्य वाढत होते. कागदावरचे नाव बदलत नव्हते. वैधतेची काळजी घेणाऱ्या व्यवस्थेला मालकीच्या बदलाची निकड दिसली नाही. अर्ज संगणकावर भरता येई, पण मूळ कागद कार्यालयात न्यावेच लागत.

त्यामुळे विचित्र प्रसंग उभे राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. काचेवरचा टॅग काढायचे राहून गेले की विकणाऱ्याच्या फोनवर टोलचे पैसे कापल्याचे संदेश येत. विकलेली गाडी आज खालापूरला पोहोचली आणि उद्या तासवड्याला, हे त्याला घरबसल्या कळे. ई-चलानही त्याच्याच नावाने. म्हणून जाणकार लोक ताबा देताना तारीखच नव्हे, तर तास आणि मिनिट लिहून ‘डिलिव्हरी नोट’ करून घेत. न्यायालयात भरपाई टाळायला ती पुरेशी नाही, हे अनेकांना ठाऊक नव्हते.

आणि मग दुसरी लाट आली. एप्रिल-मे २०२१ मध्ये मृत्यू इतके झाले की सह्या बाकी असतानाच विकणारा गेला, ही शक्यता केवळ कल्पनेतली राहिली नाही. नोंदलेला मालक वारला की नाव बदलण्याची वाटच वेगळी होते : फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती. ज्याने पैसे मोजून गाडी घेतली, त्याला आता शोकात असलेल्या घरापुढे कागद घेऊन उभे राहावे लागणार. नेमके याच दिवसांत मंत्रालयाने नियमांत दुरुस्ती करून नोंदणी प्रमाणपत्रावर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव लिहिण्याची सोय केली. मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवल्यास ती व्यक्ती तीन महिने वाहन वापरू शकते. तरतुदीचा मसुदा आदल्या वर्षीच आला होता; ती प्रत्यक्षात उतरली तेव्हा स्मशानांबाहेर रांगा होत्या.

३ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने आधार ओळखीच्या बळावर १८ सेवा कार्यालयात न जाता मिळण्याची वाट काढली. त्यांत हस्तांतरणाची सूचना आणि हस्तांतरणाचा अर्ज या दोन्ही होत्या. तोपर्यंत साथीचे एक वर्ष उलटले होते.

इतिहासाच्या अभ्यासकांना येथे एक सावधगिरी बाळगावी लागेल. उद्या कोणी ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदवहीतील हस्तांतरणे महिनावार मोजून २०२० च्या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचा बाजार थंडावला होता, असा निष्कर्ष काढील. नोंदवही खोटे सांगत नाही. ती फक्त नोंदीची तारीख सांगते. व्यवहाराची तारीख डिलिव्हरी नोटेवर असते, बँकेच्या खात्यात असते, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘पैसे मिळाले’ या एका ओळीत असते. वतनाच्या सनदेवरची तारीख आणि प्रत्यक्ष कब्जाची तारीख यांत पेशवाईच्या अभ्यासकांना असाच फरक करावा लागतो. म्हणून घरी असे कागद सापडले तर रद्दीत घालू नका.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी नवे नियम काढले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी देताना मूळ मालकाने फॉर्म २९-सी मध्ये तसे कळवले की त्या क्षणापासून व्यापारीच मानीव मालक ठरतो आणि पुढच्या घटनांची जबाबदारी त्याची. मधल्या काळात नाव कोणाचे, या जुन्या प्रश्नाला दिलेले हे पहिले सरळ उत्तर. ते फक्त व्यापाऱ्यांपुरते आहे. पुण्यातील एकाने साताऱ्यातील दुसऱ्याला गाडी विकली, तर आजही तेच फॉर्म २९ आणि ३०, तेच १४ आणि ३० दिवस.